काजळमाथ्याच्या दोघी

घाटमाथ्यावर काजळमाथा नावाचा एक डोंगर आहे. नाव काळं, डोंगर मात्र हिरवागार. इतका की कुणीतरी काहीतरी झाकण्यासाठी हे पांघरूण घातलं असावं असा लांबून संशय यावा. त्याच्या अंगावरच्या देवराईच्या तोंडाशी शेंदूर फासलेले दोन दगड आहेत. देवाचे दगड सहसा येणाऱ्याकडे बघतात. हे दोन एकमेकांकडे बघतात. मधून एका माणसापुरती वाट जाते, आणि आत जाणाऱ्याला त्या दोन नजरा ओलांडूनच जावं लागतं.

राईत एकट्यानं जायचं नाही, असा इथला नियम आहे. दोघांनी जायचं, आणि ते दोघं एका घरचे असता कामा नयेत. सख्खे भाऊ चालत नाहीत, मायलेकी चालत नाहीत, नवरा-बायको तर मुळीच नाहीत. हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. मी, माझा नवरा प्रसाद आणि कडेवर आमची लेक, असे तिघं त्या दगडांपाशी उभे होतो, आणि वाट दाखवणाऱ्या बायडाक्का आम्हाला आत सोडायला तयार नव्हत्या.

"तुम्ही दोगं एका घरचं," त्या म्हणाल्या. "एकमेकाचं झाकणार."

प्रसाद हसून म्हणाला, मूल झाल्यापासून आम्हाला एकमेकांशी धड बोलायला वेळ नाही, झाकणार काय.

"झाकाया बोलावं लागत न्हाई, दादा."

मग त्यांनी त्याला गावातल्या जोतिरामबरोबर वरच्या वाटेनं धाडलं आणि मला स्वतःबरोबर घेतलं. मुलीचं काय, असं मी विचारलं. ती बोलते का, असं त्यांनी मला उलट विचारलं. मी नाही म्हटलं. तर मग ती अजून कुणाच्याच घरची नाही, असं सांगून त्या चालू लागल्या. मला ते जरा लागलंच. मी स्वभावानं संशयी आहे, मूल झाल्यापासून जास्तच. डासावर, दुधावर, शेजाऱ्यांच्या खोकल्यावर मी संशय घेते. पण माझ्याकडे कुणी तसं बघितलं की मला वाईट वाटतं. या न्यायाचं समर्थन मला करता येणार नाही.

आत गेल्यावर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. इथली जुनी झाडं एका खोडाची नाहीत. एकाच बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं निघून वर गेलेली, जणू एका ताटात जेवायला बसलेली भावंडं. मी विचारलं, हे असं का. तेव्हा बायडाक्कांनी ही हकिगत सांगितली. त्यांनी ती त्यांच्या सासूकडून ऐकली, सासूनं तिच्या सासूकडून. मी नंतर पुस्तकांतून शोधली. मला सापडली नाही. माझ्या शोधण्यातही दोष असू शकतो.

असं सांगतात, की फार पूर्वी या डोंगराच्या पोटात लोखंड होतं आणि अंगावर जंगल. दोन्ही एकाच ठिकाणी असणं हेच जंगलाला भोवलं. इथे राहणारी माणसं लोखंड गाळणारी होती. मातीची पुरुषभर उंच भट्टी उभारायची, तिच्यात लोखंडाचा दगड आणि कोळसा थरावर थर भरायचा, आणि कातड्याच्या भात्यानं वारा घालत राहायचं. एका टोपलीभर लोखंडापायी कोळशाचे ढीगच्या ढीग जात. खालच्या पेठांतून फाळ, खिळे, नाल, हत्यारं यांची मागणी येई आणि वरून झाडं कमी होत.

आधी लांबच्या कड्यावरचे ऐन गेले. मग किंजळ, मग हिरडे. झऱ्याकाठच्या जांभळांना हात लावायचा नाही असं सर्वांनी ठरवलं होतं म्हणे. तीही गेली. ती कुणी तोडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येकाची खात्री होती की दुसऱ्यानं तोडली.

डोंगर बोडका झाला. पावसानं माती ओढून नेली, झरा आटला, त्याच्या जागी उन्हाळ्यात गढूळ डबकं उरू लागलं. त्या पाण्यानं मुलांची पोटं बिघडत आणि मुलं जात. कोळसा संपला तशा भट्ट्याही निवल्या. बहुतेक घरं भाते पाठीवर टाकून दुसऱ्या डोंगराकडे निघून गेली, तिथेही हेच करायला. ज्यांची मुलं इथल्या मातीत पुरलेली होती अशी थोडी घरं मागे राहिली. त्यांत येसू आणि तिचा नवरा मालू यांचं एक घर होतं. भट्ट्या निवल्यावर जन्मलेला त्यांचा थोरला मुलगा त्या डबक्याच्या पाण्यानं गेला होता. आता पाळण्यात मुलगी होती, आणि येसू रोज डोंगर उतरून पलीकडच्या खोऱ्यातून पाणी आणत होती.

एकदा घागर टेकवून ती उतारावर बसली असताना तिला दिसलं, की तोडलेल्या ऐनाच्या बुंध्याला कडेनं फुटवे आलेत. कोवळे, बोटाएवढे, तांबूस. शेजारच्या बुंध्यालाही होते. झाड मेलेलंच नव्हतं. ते दर पावसाळ्यात वर येऊ बघत होतं, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी ते काटक्या म्हणून मोडून चुलीत घालत होतं. तिनं स्वतःही घातले होते.

तिथेच तिनं नवस बोलला, असं सांगतात. काजळमाथा पुन्हा झाकू दे, झरा पुन्हा येऊ दे. त्याचं पहिलं पाणी माझी लेक पिईल.

मी म्हटलं, म्हणजे मान तिच्या मुलीला. बायडाक्का थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुलीला जरा जवळ ओढलं.

"मान कसला. आदल्या पाण्यानं तिचं पोरगं नेलेलं. नवं पानी चांगलं का वंगाळ, कुणाला ठावं? तिनं पोरगीच पणाला लावली."

दुसऱ्या दिवशी सगळी घरं निवलेल्या भट्टीपाशी जमली आणि भट्टीवर हात ठेवून शपथ झाली. डोंगरावरची काडीही आणायची नाही. चूल पेटेल ती शेणीवर आणि शेतातल्या धसकटांवर. यात लावायचं असं काहीच नव्हतं. खड्डा नाही, रोप नाही, पाणी घालणं नाही. फक्त कुणी काही न्यायचं नव्हतं. ऐकायला हे किती सोपं वाटतं. पण लावलेलं झाड दाखवता येतं. न नेलेलं कसं दाखवणार? शेजाऱ्यानं आज काही नेलं नाही, हे त्याच्या शब्दाशिवाय कशावरून कळणार?

म्हणून राखण सुरू झाली. दररोज एका घरची पाळी, त्या घरच्या नवरा-बायकोनं डोंगरावर जायचं. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा. सगळ्यांना ही रीत शहाणपणाची वाटली.

पहिला पावसाळा बरा गेला. फुटवे गुडघाभर झाले. पुढच्या उन्हाळ्यात लक्षात आलं, की घळीकडच्या उतारावरचे फुटवे कमी होत आहेत. कापलेले, विळ्यानं, तिरपे. कधी कापले ते कळत नव्हतं, कारण उतार मोठा आणि रोज कोण मोजणार. मग गावात नजरा फिरू लागल्या. बायका एकमेकींच्या चुलीशी निखारा मागायच्या निमित्तानं येत आणि राख बघून जात. कुणाच्या अंगणात शेणी जास्त दिसल्या तरी संशय, कमी दिसल्या तरी संशय. ही माणसं जन्माची कोळसा पाडणारी. धुराच्या वासावरून लाकूड कोणतं ते सांगत. सगळी वाऱ्यावर नाक धरून बसू लागली.

घरच्या पाळीच्या एका दिवशी उतारावर बसली असताना येसूलाच तो वास आला. ओल्या ऐनाचा धूर. तिनं पाहिलं, तर धूर घळीकडून येत होता, आणि घळीच्या तोंडाशी घर होतं गिरजेचं. गिरजा तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, पाण्याला बरोबर जाणाऱ्या. गिरजेच्या कडेलाही तान्हं होतं. येसूनं आधी कुणाला सांगितलं नाही. मग पाळण्याकडे बघितलं, आणि सांगितलं.

गिरजेचा नवरा हरबा शपथेवर नाही म्हणाला. घळीत जाऊन बघा असंही म्हणाला. लोक गेले. घळीच्या तळाला राख सापडली, आणि ती त्याच्या घरामागेच सापडली म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकलं नाही. त्या घराचा विस्तव बंद झाला, पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या रांगेत गिरजेला कुणी घेईना. ती एकटी जाई, एकटी येई. येसूच्या दारावरून जाताना ती मान वळवत नसे.

यानंतर थोड्या दिवसांनी मालूनं एका सकाळी मुलीच्या पायात चिंधीत गुंडाळलेलं लोखंडाचं कडं घातलं. लोखंड गाळणाऱ्यांची ही जुनी समजूत. मुलाच्या पायात कडं हवं, ते बापाच्याच घरानं गाळलेल्या लोखंडाचं हवं, म्हणजे मरण त्या दाराला शिवत नाही. भट्ट्या थंड झाल्यानंतर जन्मलेल्यांना असं कडं कुठून मिळणार? मालू म्हणाला, हे माझ्या आईच्या वेळचं आहे, आढ्यात खोचलेलं सापडलं. येसूला बरं वाटलं. तिनं विचारलं नाही, की इतकी वर्षं ते तिथे होतं तर थोरल्याच्या वेळी का सापडलं नाही. इथे बायडाक्का म्हणाल्या, अख्ख्या गावाचा वास घेत फिरणारी बाई ती, पण स्वतःच्या घरात नाक बंद.

मग एक दिवस ती मुलीला न्हाऊ घालत होती. चिंधी भिजली, सोडली, आणि खाली घोट्यावर तांबडं वळं उमटलेलं. येसू भट्टीच्या घरात वाढलेली. जुनं लोखंड हातापायाच्या घामानं काळं होऊन निवलेलं असतं. नवं लोखंड पहिल्या पाण्याला तांबडं रडतं. तिनं पायावर पाणी ओतलं. पुन्हा तांबडं.

मालू घरी आल्यावर तिनं ते वळं दाखवलं. त्यानं सगळं सांगितलं. आपल्या घरच्या राखणीच्या दिवशी तो पलीकडची बाजू बघून येतो म्हणून जाई, आणि येसू त्याची वाट बघत इकडे बसे. घळीत त्यानं कमरेएवढी भट्टी लावली होती. पण कोवळ्या फुटव्यांचा कोळसा भुसभुशीत. आग चढेना, लोखंड फुगून फुटे. म्हणून पुन्हा कापायचं, पुन्हा फुंकायचं. इतक्या फुटव्यांतून शेवटी एक कडं निघालं, मग त्यानं भट्टी मोडून राख तिथेच टाकली.

"थोरल्याच्या पायात लोखंड नव्हतं म्हणून तो गेला," तो म्हणाला.

"पाण्यानं गेला तो."

"तुला काय ठाऊक?"

आणि खरंच, तिला काय ठाऊक होतं? मुलीच्या पायात कडं होतं आणि मुलगी ठणठणीत होती. तिनं चिंधी पुन्हा गुंडाळली. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच सांगायचं ठरलं. ती वाईट बाई होती असं कुणी म्हणत नाही. मुलगी खेळत होती, नवरा घरात होता, आणि गिरजेकडे न बघण्याची सवय गावाला होऊन गेली होती.

पुढे गिरजेच्या घरानं गाव सोडायचं ठरवलं. निघायच्या सकाळी गिरजा मुलाला घेऊन येसूच्या दारात आली. इतर कुठल्याही दारात ती गेली नाही. वाटेत बाळाला पाजायला तांब्याभर पाणी दे, एवढंच म्हणाली. येसूनं तांब्या भरून दिला. गिरजेनं तो हातात घेतला, आत बघितलं, आणि परत पुढे केला.

"आधी तू पी," ती म्हणाली.

येसू प्यायली. पिता पिता तिला उमगलं. जिच्याबरोबर एका घागरीतलं पाणी वाटून प्यायलं, ती आता आपल्या हातच्या पाण्यावर विश्वास ठेवत नाही. आणि ठेवत नाही यात तिचं काही चुकत नाही. तिनं गिरजेला दारातच थांबवलं, घरात जाऊन मुलीला उचललं आणि थेट निवलेल्या भट्टीपाशी गेली. माणसं गोळा झाल्यावर तिनं सगळ्यांसमोर मुलीच्या पायातलं कडं काढलं आणि भट्टीवर ठेवलं. हे माझ्या घरचं, असं म्हणाली. घळीतली राखही माझ्याच घरची. वास मला आला, पण घर चुकलं.

लोकांना मालूला हाकलून द्यायचं होतं. येसूनं ते होऊ दिलं नाही, आणि त्याला माफ करा असंही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली:

"आजपासनं माज्या घरावर गिरजेनं नजर ठेवायची. तिच्या घरावर मी. आपल्या माणसावर आपली नजर ठरत न्हाई."

गिरजेच्या घरानं बांधलेलं सामान सोडलं, आणि तेव्हापासून राखणीची रीत बदलली. एका घरचे दोघं जायचे बंद झाले. मालूची जोड हरबाशी लागली. ते दोघं मरेपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत म्हणे, पण एकही पाळी चुकवली नाही. दिवसभर समोरासमोर बसून राहत, एकमेकांच्या हाताला हात लावून बघायचे कोळशाचं काळं लागलंय का, आणि घरी जात. प्रेमानं जंगल वाढतं असं आपण मुलांना शिकवतो. हे जंगल दोन रागावलेल्या पुरुषांनी एकमेकांकडे बघत बसून वाढवलं.

फुटव्यांची झुडपं झाली, झुडपांची झाडं, एका बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडांची. पाला पडू लागला, माती अडू लागली. काही पावसाळ्यांनी एका चैत्रात झऱ्याच्या जुन्या दगडाखाली ओल दिसली, मग बोटभर पाणी. इतक्या लवकर झरा परत येतो का, मला शंका आहे. बायडाक्कांनाही असावी, कारण त्या इथे भराभर पुढे गेल्या.

सगळं गाव पाण्याभोवती उभं राहिलं आणि कुणीही वाकलं नाही. पाणी स्वच्छ होतं, पण याच जागेच्या पाण्यानं किती घरांचे पाळणे रिकामे केले होते ते प्रत्येकाला आठवत होतं. मग सगळ्यांनी येसूकडे बघितलं. तिचा नवस होता. मुलगी आता चालत-बोलत होती, आईचा पदर धरून उभी होती, आणि तिच्या पायात कडं नव्हतं.

येसू ओंजळ भरायला वाकली, तर म्हातारी माणसं म्हणाली, तू नको. आईच्या ओंजळीतून पाणी सांडू शकतं. पाजल्यासारखं केलं नि पाजलं नाही, असं होऊ शकतं. घरचं माणूस नको, परकं हवं. कुणी नाव घेतलं नाही. गिरजाच पुढे झाली.

येसूनं मुलीचा हात सोडला तेव्हा काय वाटलं असेल, ते मी बायडाक्कांना विचारलं नाही. जिचं घर आपण उठवायला निघालो होतो, जिला पाण्याच्या वाटेवर आपण एकटं पाडलं होतं, तिच्या हातात आपली मुलगी द्यायची, आणि पाणी कसं निघेल हे कुणालाच ठाऊक नाही. गिरजेला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती ओंजळ भरून मुलीच्या तोंडाला लावली असती, तरी नवसाप्रमाणेच झालं असतं.

गिरजेनं ओंजळ भरली. आणि कुणीही सांगितलं नसताना आधी ती स्वतः प्यायली. सगळी ओंजळ. मग सगळ्यांच्या देखत तिथेच बसून राहिली, मुलीला मांडीवर घेऊन, सावली या दगडावरून त्या दगडावर जाईपर्यंत. तिला काही झालं नाही, तेव्हा तिनं दुसरी ओंजळ भरली आणि मुलीच्या ओठांना लावली. येसू समोर उभी होती. तिनं डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. ती बघत राहिली. मुलगी प्यायली, आणि आणखी मागितलं.

आजही काजळमाथ्याखालच्या गावात मूल झालं की त्याला या झऱ्यावर आणतात, आणि पहिलं पाणी आई पाजत नाही. परक्या घरची बाई पाजते. आधी स्वतः पिते, थोडा वेळ बसते, मग मुलाला देते. आईनं समोर उभं राहून बघायचं. विश्वास आहे म्हणून तोंड फिरवायचं नाही, तसं केलं तर पाणी मुलाला मानवत नाही म्हणतात. पाहुण्यांच्या मुलांनाही हाच नियम.

झरा दिसायला अगदीच साधा आहे. बायडाक्का वाकल्या, ओंजळभर पाणी प्यायल्या, आणि दगडावर टेकल्या. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती, आणि नको म्हणायला माझ्याकडे शिकलेल्या बाईची सगळी कारणं तयार होती. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केले.

"द्या हिकडं. आन् बघत ऱ्हावा. मला राग न्हाई यायचा."

मी मुलीला त्यांच्या हातात दिलं. आणि नजर जराही न हलवता बघत राहिले.